'सा' की 'धा': एका निवृत्त नौसैनिकाचं आणि आमच्या बंदरावरच्या रेडिओ खोलीचं प्रकरण

हे प्रकरण देवगड आणि मालवणच्या मधल्या एका छोट्या बंदराचं आहे. गावाचं, होडीचं, माणसांचं नाव देत नाही, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी वाचून दाखवलंय, त्यांनी "लिही, पण कमी-जास्त करू नको" असं सांगितलं म्हणून लिहितोय. मी तेव्हा मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

त्यांना गावात लहानथोर सगळे चीफ म्हणतात, कारण नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झाले. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जायचे, घरात पाच भावंडं. १९८२ ला भरती झाले, ओडिशात चिल्का सरोवराकाठी पहिलं ट्रेनिंग, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं शिक्षण, आणि त्यानंतर जवळजवळ सगळी नोकरी जहाजाच्या पोटात, बॉयलर आणि टर्बाइनच्या शेजारी. तेव्हाची मोठी जहाजं वाफेवर चालायची, जुनी विक्रांत काय आणि विराट काय. चीफ सांगतात की खाली उतरलं की दोन मिनिटांत सदरा अंगाला चिकटायचा आणि आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी हातवारे करूनच बोलायचं. कानात काय घालायचा असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कापूस. तोय आठवण झाली तर." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं, पुढे ते फार महाग पडलं.

२००६ ला रिटायर झाल्यावर त्यांच्या बॅचचे बरेचजण मुंबईत सिक्युरिटीत नाहीतर मर्चंटच्या जहाजांवर गेले. हे गावी आले. चौथ्या दिवशी जेटीवर बसून कोणाचंतरी इंजिन उघडून बसले होते हे मला स्वच्छ आठवतंय.

मग नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं. कोकण किनाऱ्यावर किती घरांत माणसं परत आली नाहीत ते इथल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. आमच्या बंदरातली माणसं परत आली, पण दोन दिवस आम्हाला नक्की किती होड्या बाहेर आहेत, कोणत्या होडीवर कोण कोण गेलंय हेच सांगता येत नव्हतं, बायका जेटीवर उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या. चीफ तेव्हा कोणाला काही बोलले नाहीत. आठवड्याने एक जाड वही घेऊन सोसायटीत आले आणि म्हणाले, जाणारी प्रत्येक होडी हिच्यात लिहायची, तांडेल (होडीचा प्रमुख) कोण, खलाशी किती, किती वावात (वाव म्हणजे पाण्याच्या खोलीचं माप) जाणार, कधी येणार.

ती वही म्हणजे सुरुवात. मग रीतसर परवाना काढून व्हीएचएफ सेट, म्हणजे होड्यांशी बोलायचा रेडिओ आला, सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) अँटेना लागली, बर्फाच्या गोदामावरची खोली रेडिओ खोली झाली, भिंतीवर कोस्टगार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर मोठ्या अक्षरात. चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, कायम चालू. आणि जहाजावरच्यासारखे चार-चार तासांचे वॉच, संध्याकाळचे मात्र दोन-दोन तासांचे दोन डॉग वॉच, म्हणजे पाळ्या आपोआप फिरत राहतात आणि मध्यरात्र ते चारची पाळी रोज एकाच्याच गळ्यात पडत नाही. कागदावर आठजण होते. लग्नकार्य, गणपती, मुंबईला जाणं, अशा कारणांनी एकेक गळत गेला आणि दोन-तीन वर्षांत ती पाळी चीफच्याच गळ्यात पडली, नंतर पहाटेचीही. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चीफ आहेत ना, मग झालं.

बाकीचं त्यांचं काम लिहायला बसलो तर पानं पुरायची नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी परराज्यातल्या ट्रॉलर आसऱ्याला देवगडात घुसल्या तेव्हा ते दोन रात्री त्यांच्या खलाशांसाठी धावपळ करत होते, तौक्ते गेल्यावर रस्त्यावरचे माड-आंबे कापायला करवत घेऊन पहिले तेच, आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा पाणी ओसरल्यावर गावातली सहा पोरं घेऊन गेले आणि चार दिवस लोकांचे चिखलाने भरलेले पंप आणि जनरेटर सोडवून, धुवून, चालू करून देत होते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

प्रश्न

प्रश्न कानांचा होता आणि तो बघणाऱ्याला दिसत होता. टीव्हीचा आवाज शेजारच्या वाडीत जायचा. रेडिओवर "परत बोल, ओव्हर" हे ते इतक्या वेळा म्हणायचे की आम्हाला ती नौदलाची शिस्तच वाटायची, नवीन पोरं तर त्यांची नक्कल करून तसंच बोलायची. दशावतार म्हणजे जीव की प्राण असलेला माणूस, आधी पहिल्या रांगेत सरकला आणि मग जत्रेला यायचाच बंद झाला. मी विचारलं तर म्हणाले थंडी बाधते. मी मानलं. खरंतर मला तेव्हाच शंका आली होती, साधारण दोन वर्षं आधी, पण चीफला "तुम्हाला ऐकू कमी येतं का" असं विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आतून भीतीही होती की ते उठले तर पहाटे चारला त्या खुर्चीवर बसणार कोण.

ती सकाळ

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, पण आमच्याकडे छोट्या होड्या नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय सहसा पाणी बघत नाहीत. पौर्णिमेनंतरचा तिसरा-चौथा दिवस असेल. दर्याला नैर्ऋत्येकडून फुगी (मोठ्या लाटांची उसळी) होती, पण जाऊ नये अशी नव्हती. पहाटे पाच होड्या गेल्या. त्यातल्या एका दोन सिलेंडरवाल्या होडीचं इंजिन साडेसातच्या सुमाराला बंद पडलं, परत चालू होईना.

खोलीत आम्ही तिघं. सेटवर चीफ, मी मोबाइलवर दुसऱ्याच कामात, आणि कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, जी सुट्टीत वही लिहायला यायची. तांडेलाचा आवाज आला, मागे वारा आणि माणसांची आरडाओरड: इंजिन बंद, नांगर टाकलाय, अमुक टेकाच्या (टेकडीच्या) समोर, "सा वाव".

आमच्यात सहाला सा म्हणतात आणि दहाला धा. फरक काय तो एका अक्षराचा.

चीफनी वहीत लिहायला सांगितलं, "धा वाव."

मुलगी म्हणाली, "काका, तो सा म्हणालो. धा नाय."

"धा," चीफ म्हणाले आणि हात वर करून तिला थांबवलं. तो हात मला आजही दिसतो. तिने माझ्याकडे बघितलं. मी चीफकडे बघितलं. तिने वहीत दहा लिहिलं.

सहा वाव म्हणजे साधारण ११ मीटर पाणी, आणि आमच्या इथे त्या टेकासमोर सहा वावाच्या आत लगेच खडपं, म्हणजे खडक सुरू होतात. दहा वाव म्हणजे आणखी बाहेर, तिथे नांगर धरला तर तासभर तरी काळजी नाही. चीफनी जो निर्णय घेतला तो दहा वावासाठी अगदी बरोबर होता: मदतीची होडी बाहेरच्या अंगाने घाला, दोर जास्त घ्या, घाई नको. मी १५५४ वर कळवलं तेही दहा वावच. मदतीची होडी बाहेर गेली, तिकडे कोणीच नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी परत आवाज आला आणि या वेळी तो खोलीतल्या प्रत्येकाला कळला, "नांगर धरना नाय, होडी खडपाक लागतली!"

लागली. चौघेही वाचले, कारण लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चीफ कोणाला वहीत नाव लिहू द्यायचे नाहीत, आणि कारण खडपावरून वाडीतल्या पोरांनी दोर टाकले. एकाचा पाय मोडला. होडीच्या मात्र फळ्या झाल्या, जाळी गेली, इंजिन गेलं. आठ-नऊ वर्षांचं कर्ज असलेली होडी.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री सोसायटीत मीटिंग झाली, चीफ आले नाहीत. बरीच भांडणं झाली पण मांडलेले मार्ग चारच होते. पहिला, झालं ते दर्यामुळे झालं म्हणायचं आणि पुढे चालू द्यायचं. होडीवाला बिचारा स्वतः हेच म्हणत होता, चीफना बोल लागू नये म्हणून. दुसरा, खोलीच बंद करायची, आता मोबाइल आहे, कोस्टगार्ड आहे, सोसायटीने जबाबदारी अंगावर का घ्यायची. तिसरा, चीफना मानाने निवृत्त करायचं. चौथा मार्ग त्या मुलीच्या आईने मागच्या बाकावरून सांगितला, की त्यांचे कान तपासून घ्या आणि खोलीत एकटं कोणी बसू नका. तो आम्ही ऐकला आणि सोडून दिला. आता विचार केला तर वाटतं, सकाळी मुलीचं जे झालं तेच रात्री आईचं झालं.

पहिला निर्णय आणि तो का चुकला

आम्ही तिसरा मार्ग घेतला. पंधरा दिवसांनी शाल, श्रीफळ, मानपत्र, गावचे सगळे हजर, दोघा-तिघांची भाषणं, नौदलातली २४ वर्षं आणि बंदरावरची १२-१३ वर्षं, देशसेवा आणि समाजसेवा. सगळं मनापासून होतं, खोटं एक अक्षर नव्हतं. पण त्या सगळ्या भाषणांत त्या सकाळचा उल्लेख कोणी केला नाही. चीफ उठले, आभार मानले, किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

त्यानंतर तीन महिने ते जेटीवर फिरकले नाहीत. पेपर घ्यायला येणारा माणूस पेपर घरी मागवायला लागला. आम्हाला वाटलं विश्रांती घेतायत. खोलीचीही अवस्था वाईट, कोणी कधी येतं कोणी येत नाही, वहीत सलग अकरा दिवस कोरे आहेत, मी आजही ती पानं कोणाला दाखवायला लाजतो.

दिवाळी झाल्यावर एक दिवस चीफची बायको माझ्या घरी आली. ओट्यावरच बसली, चहा नको म्हणाली. "भावजी, शाल घातलात, नारळ दिलात, पन तेंच्या कानाचा कोणी इचारल्यान? तेंका ऐकाक येना नाय ह्या माका धा वर्सां म्हायत आसा. तुमका म्हायत नाय होता?"

मी खरं उत्तर दिलं. माहीत होतं.

दुसरा निर्णय

दुसऱ्या दिवशी मी आणि पाय मोडलेला खलाशी, दोघं चीफकडे गेलो. खलाशी काठी टेकत आला होता, मी नको म्हणालो तरी. त्यानेच सुरुवात केली, की चीफ, माझा राग नाय, पण तुम्ही आता कान दाखवा. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग चीफनी जे सांगितलं ते त्यांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. नोकरीतच त्यांना कळलं होतं. पण नौदलात मेडिकल कॅटेगरी उतरली की जहाजावरून खाली यावं लागेल, बढती अडकेल, म्हणून प्रत्येक तपासणीत अंदाजाने रेटून नेलं. रिटायर होतानाच्या मेडिकल बोर्डासमोरही काही तक्रार नाही म्हणून सांगितलं. तिथे नोंद झाली असती तर नोकरीमुळे आलेलं अपंगत्व म्हणून पेन्शनसाठी तरी दावा करता आला असता, पण ती वेळ गेली.

तपासणी गोव्यात बांबोळीला केली. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून समजावलं आणि ते इथे मुद्दाम लिहितो कारण आमच्यातल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिलेल्या माणसाचं ऐकणं सगळं सारखं कमी होत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. जाड, घोगरे आवाज बरे ऐकू येतात. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, वाक्यही कळतं, पण स, श, फ, त असली पातळ अक्षरं निसटतात आणि मेंदू तिथे अंदाजाने दुसरं अक्षर बसवतो. माणसाला वाटतं आपल्याला नीट ऐकू आलं. त्यात व्हीएचएफ सेटमधून ३००० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणजे 'स' आधीच अर्धा मेलेला असतो. 'सा' चा 'धा' झाला तो असा. आतल्या कानातल्या त्या बारीक पेशी परत येत नाहीत, मशीन लावून मदत होते, कान परत मिळत नाही.

बाहेर आल्यावर चीफ गाडीजवळ उभे राहून म्हणाले, "म्हणजे ता चेडू बरोबर होता." चेडू म्हणजे मुलगी.

मशीन माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून मिळालं, वेळ लागला पण मिळालं. पहिले दोन महिने ते डब्यातच होतं कारण भांड्यांचा आवाजही टोचायचा. आमच्या खाऱ्या दमट हवेत ते टिकावं म्हणून रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवतात, ती डबी आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी असते.

मग आम्ही चौघं-पाचजण त्या मुलीसकट बसलो आणि खोलीचे नियम परत लिहिले. खोलीत कायम दोघं. कुठलाही आकडा आला की खोलीने तो परत बोलायचा आणि तांडेलाने "बरोबर" म्हटल्याशिवाय वहीत चढवायचा नाही. आकडा दोन भाषांत, "सा, सिक्स" आणि "धा, टेन". म्हातारे तांडेल यावर चिडले, चाळीस वर्षं दर्यावर आहोत आणि आता इंग्रजी शिकवता का, पण चीफ स्वतः प्रत्येकाच्या होडीवर जाऊन सांगून आले की माझ्यामुळे ही पाळी आली, एवढं माझ्यासाठी करा. आणि खोलीतलं कोणीही, कितीही लहान असो, "थांबा" म्हणालं की परत विचारायचंच. त्याला पंधरा सेकंद लागतात. हा शेवटचा नियम चीफनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावलाय.

मुलगी पाळीवर बसणार म्हटल्यावर काहींनी कुरकुर केली. ती दिवसाची पाळी घेते, सोबत तिची आई असते. रात्रीचं अजून जमलेलं नाही, त्यावर वाद चालू आहे.

इंजिन

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटी सुचली, आणि तीही चीफनाच. होडी खडपाला का लागली यावर आम्ही सगळे सहा की दहा यावर अडून बसलो होतो. इंजिन का बंद पडलं हे कोणी विचारलंच नव्हतं. बंदीचे दोन महिने होडी ओढून ठेवतात, टाकीत अर्धं डिझेल, वर पावसाळ्याची हवा. रिकाम्या भागात दमटपणाचं पाणी सुटतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं, आणि पहिल्या दिवशी होडी हलली की ढवळून फिल्टरमध्ये येतं. इंजिन मरतं, नेमकं फुगीच्या दर्यात.

ज्या माणसाने २४ वर्षं इंजिनंच सांभाळली, चिपळूणच्या चिखलातले पंप ज्याने चालू केले, त्याला आम्ही १२ वर्षं रेडिओपुढे बसवलं होतं! वर्दीतला माणूस म्हणजे रेडिओवर शोभतो, एवढाच आमचा विचार. त्यांचा खरा हात इंजिनावर होता आणि तो आम्ही फुकट घालवला.

आता बंदी लागायच्या आधी टाक्या काठोकाठ भरून ठेवायला लावतात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चीफ जेटीवर असतात. टाकीच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (आतला पंखा) बघा, एक बेल्ट जादा घ्या. पाच-सहा पोरं हाताखाली तयार झालीत. चालू इंजिनावर ते तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात, "ह्याचो दुसरो सिलेंडर मार खाता" असं सांगतात आणि उघडलं की तसंच निघतं. त्याला पातळ अक्षरं लागत नाहीत.

निष्पत्ती

पाळीवर आता १४ जण आहेत, रात्र फिरती आहे. त्यानंतरच्या हंगामांत आमच्या होड्यांची इंजिनं भर दर्यात बंद पडण्याचं प्रमाण उघड उघड कमी झालंय, वहीत दिसतं. होडीवाल्याला सोसायटीने आणि गावाने मिळून जुनी होडी घेऊन दिली, पण त्याचं आधीचं कर्ज अजून फिटलेलं नाही, आणि ते आमच्या चुकीमुळे आहे असं मी मानतो.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन मालवणला झाला, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, तेव्हा चीफ गेले होते, मशीन लावून. मी सोबत होतो. विमानं डोक्यावरून गेली तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि शेजारच्या अनोळखी पोरालाही ठेवायला लावले.

आज परत करायचं झालं तर

दोन वर्षं आधी, दशावताराला आले नाहीत त्याच दिवशी, मी घरी जाऊन विचारलं असतं. सत्कार केला असता, पण तपासणीनंतर, आणि त्यात ती सकाळ त्यांना स्वतःला बोलू दिली असती. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी फोन खाली ठेवून "परत विचारा" एवढं म्हणालो असतो. आणि २००९ लाच कोणाला काय येतं ते बघून कामं वाटली असती.

या वर्षीपासून सोसायटीने तांडेल आणि पाळीवरच्या सगळ्यांची कान-डोळे तपासणी ठरवलीय. चीफनी पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. दोन तांडेलांनी साफ नकार दिलाय, त्यातल्या एकाला संध्याकाळी जेटीचा दिवा दिसत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. उद्या सकाळी मी आणि चीफ त्याच्या घरी जाणार आहोत.